माळ्यावरच्या जुन्या हंटरला नवे रूप : प्लॅस्टिक विमान-किटची दुरुस्ती आणि रंगकाम

पुण्यातल्या अनेक घरांच्या माळ्यावर, दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या खोक्याशेजारी, एखादे प्लॅस्टिकचे विमान वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले असते. ते कधी अर्धवट जोडलेले असते, कधी पूर्ण जोडून दारे-खिडक्यांच्या उरलेल्या ऑइल पेंटने रंगवलेले असते, तर कधी खोके न उघडताच राहून गेलेले असते. माझे हंटर, म्हणजे हॉकर हंटर या जुन्या ब्रिटिश लढाऊ जेट विमानाचे मॉडेल, दुसऱ्या प्रकारातले होते. दोन दिवाळ्या ते शिवरायांच्या सिंहासनामागे बुरुजावर उभे होते आणि त्याच्या चाकांत अळिवाच्या मुळ्या अडकलेल्या होत्या. अशा विमानाला पुन्हा हात घालू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण १/७२ मापाच्या हॉकर हंटरचे घेतले असले, तरी येथे सांगितलेली बहुतेक कामे कोणत्याही जुन्या किटला, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या मॉडेलला, लागू पडतील.

१/७२ हे माप विचित्र वाटते, पण त्याचा हिशेब ब्रिटिश पद्धतीचा आहे : मॉडेलवरचा एक इंच म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट. खऱ्या हंटरचा पंखविस्तार १०.२६ मीटर आहे. त्यामुळे मॉडेलचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण १४२ मिलिमीटर भरायला हवेत. पट्टी लावून पाहण्यास हरकत नाही. मात्र एखाद-दुसरा मिलिमीटर कमी-जास्त निघाल्यास तो तसाच सोडून द्यावा, कारण जुन्या साच्यांची आकारातली चूक सुधारण्याच्या नादात विमान पुन्हा माळ्यावर जाण्याचीच शक्यता अधिक असते. जुने किट नव्या किटसारखे होत नाही आणि ते तसे करण्याचा खटाटोपही करू नये. डोळ्यांना पहिल्या नजरेत खटकतील अशा चार-पाच गोष्टी निवडून त्यांवरच श्रम खर्च करावेत.

आधी छायाचित्र, मग ब्रश

नवशिका सर्वप्रथम रंग विकत आणतो. वास्तविक पहिले काम छायाचित्रे जमवण्याचे आहे. आपले विमान नेमक्या कोणत्या हवाई दलाचे आणि कोणत्या काळातले, हे ठरल्याशिवाय रंग, चिन्हे, पंखांखाली लटकणाऱ्या इंधनाच्या टाक्या यांपैकी काहीच ठरवता येत नाही. भारताने हंटरची मागणी १९५७ मध्ये नोंदवली. भारतासाठीचे हे मार्क ५६ विमान (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) ब्रिटिश एफ-६ या आवृत्तीवर बेतलेले होते आणि त्याला उतरताना वेग कमी करणारे पॅराशूट बसवलेले होते. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत हंटर लढले. ५ डिसेंबर १९७१ रोजी लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाड्यांवर जैसलमेरहून उडून हल्ले केले ते याच विमानांनी. मी १९७१ हे साल धरले आहे.

जुन्या खोक्यातले हंटर बहुधा ब्रिटिश हवाई दलाचे असते. त्याचे भारतीय विमान करायचे तर मुख्यतः तीन फरक पाहावे लागतात : शेपटाकडच्या झोताच्या नळीच्या वर पॅराशूट ठेवण्याचा फुगवटा, बीए या अक्षरांनी सुरू होणारा विमानाचा क्रमांक आणि केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळचिन्ह. किट पूर्वीच्या मार्कचे असेल, तर पंखाच्या पुढच्या कडेला बाहेरच्या भागात जो दातासारखा पुढे आलेला टप्पा असतो, तोही तपासावा. एकाच विमानाची बाजूने, वरून आणि खालून अशी तीन छायाचित्रे मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास बाजूचे एक चांगले छायाचित्र आणि त्याच तुकडीतल्या दुसऱ्या विमानांची दोन, एवढ्यावर भागते.

शक्य असल्यास खरे लढाऊ विमान जवळून पाहावे. पुण्यात दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ बीएन ठेवलेले आहे. ते हंटर नव्हे, पण पत्र्याचे सांधे दहा पावलांवरून किती अस्पष्ट दिसतात, चाकांच्या खोबणीत किती नळ्या आणि वायरी असतात, या गोष्टी तेथे अर्धा तास उभे राहिल्यावर जितक्या कळतात तितक्या छायाचित्रांतून कळत नाहीत. रंगाची छटा मात्र प्रदर्शनातल्या विमानावरून कधीही घेऊ नये. अशी विमाने उन्हापावसात उभी असतात आणि वेळोवेळी हाताशी असेल त्या रंगाने रंगवली जातात.

जुना रंग काढणे आणि सांधे उकलणे

विमान प्रथम कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून, जुन्या टूथब्रशने धुवावे. पाणी गरम असता कामा नये, कारण पंख वाकतात. त्यानंतर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवावे. ट्यूबमधला जुना गोंद थंडीने ठिसूळ होतो आणि सांध्यावर कटरच्या पात्याची बोथट बाजू हलकेच दाबली की बरेच भाग टक्कन सुटतात. जे सुटणार नाहीत ते ओढू नयेत.

ऑइल पेंट काढण्यासाठी मी मोटारीच्या ब्रेकचे तेल वापरतो. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात ते सहज मिळते. झाकणाच्या डब्यात भाग बुडवून रात्रभर ठेवावेत आणि सकाळी रबरी हातमोजे घालून ब्रशने घासावेत. रंग सालींसारखा निघतो. हे तेल त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि मोरीत ओतू नये. पारदर्शक कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे झाकण, त्यात कधीही टाकू नये. काही जुनी प्लॅस्टिके त्यात ठिसूळही होतात, म्हणून आधी एखाद्या न दिसणाऱ्या तुकड्यावर पाहून घ्यावे. ॲक्रिलिक रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते.

एन.सी. थिनर (लॅकरचे रंग पातळ करण्याचे तीव्र द्रावण) मात्र या कामात अजिबात वापरू नये. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी तो बोळ्याने डाव्या पंखावर फिरवला होता. रंग निघाला, पण त्याबरोबर पंखाचा वरचा थरही विरघळला आणि पाहता पाहता पृष्ठभाग भाजलेल्या पापडासारखा सुरकुतला. त्या पंखावर पुट्टी भरून घासण्यात पुढचे दोन रविवार गेले.

नेमक्या सुधारणा कोणत्या कराव्यात

जुन्या किटचे वय सर्वांत आधी सांगतात त्या पृष्ठभागावरच्या उठावदार पॅनेल रेषा. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमधली फट दोन-तीन मिलिमीटरची असते. तिचा बहात्तरावा भाग म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. साच्यातून आलेली उठावदार रेषा ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर प्रत्यक्षात ती चौदा मिलिमीटरची वरवंडी ठरते. म्हणून या रेषा घासून त्यांच्या जागी बारीक खोदीव रेषा काढणे, ही एकच सुधारणा विमानाचे रूप सर्वाधिक पालटते.

त्यासाठी लागणारी हत्यारे साधी आहेत. शिवणाची जाड सुई कटरच्या दांड्यात किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकात घट्ट बसवावी. ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडून टाकाऊ झालेले टोकदार हत्यार मिळाले तर ते अधिक चांगले. उठावदार रेषा पूर्ण घासून टाकण्याआधी तिच्या लगत जाड, न ताणली जाणारी टेप लावावी. लेबल छापण्याच्या यंत्राची प्लॅस्टिकची पट्टी यासाठी उत्तम, कारण तिची कड सुईला ठाम आधार देते. मग सुई अगदी आडवी धरून, जवळजवळ वजन न देता, टेपच्या कडेने आपल्याकडे ओढावी. पहिल्या फेरीत काहीच उमटले नाही असे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत प्लॅस्टिकची केसासारखी लव सुईमागे गोळा होऊ लागते आणि पाचव्या-सहाव्या फेरीनंतर रेषा दिसते. नवशिक्यांचा हात पहिल्याच फेरीत जोर लावतो, सुई टेपखालून निसटते आणि पंखावर तिरका ओरखडा उठतो. तसे झाल्यास घाबरू नये. ओरखड्यात फेव्हिक्विकचा थेंब सोडून, सुकताच घासून, पुन्हा रेषा काढता येते. शेवटी १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून सगळे सपाट करावे. पहिल्या विमानावर प्रत्येक रेषा खोदण्याची गरज नाही. पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांच्या, म्हणजे फ्लॅप आणि एलेरॉनच्या, कडा व धडावरच्या मोठ्या झडपा एवढ्या केल्या तरी पुरे.

दुसरी सुधारणा कॉकपिटची. जुन्या किटांत वैमानिक एका सपाट फळीवर बसवलेला असतो. तो काढून टाकावा, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे दोन बाजूंचे कप्पे आणि समोरचा उपकरणफलक कापून बसवावेत. खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपच्या अर्धा मिलिमीटर रुंद पट्ट्यांनी करता येतात. हंटरमध्ये मार्टिन-बेकर कंपनीची बाहेर फेकणारी खुर्ची असते आणि तिच्या माथ्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची खेचायची मूठ असते. तारेच्या तुकड्याची एवढी मूठ केली आणि तिच्यावर पट्टे रंगवले, की बंद कॅनोपीतूनही ती नजरेत भरते. बाकीचे बारीक काम कॅनोपी बंद झाल्यावर कोणालाही दिसत नाही, त्यामुळे त्यात आठवडे घालवणे मला तरी व्यर्थ वाटते.

तिसरी सुधारणा तोफांची. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा असतात. किटमध्ये त्यांची तोंडे भरीव असतात, ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने, हाताच्या बोटांत फिरवूनच, ती पोकळ करावीत. त्यांच्या मागे, धडाच्या तळाशी, तोफगोळ्यांच्या पट्ट्याच्या रिकाम्या कड्या साठवणारे दोन फुगवटे असतात. ते किटमध्ये नसतील तर लांबट थेंबाच्या आकारात पुट्टीने घडवता येतात. पॅराशूटचा फुगवटाही याच रीतीने, प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून आणि भोवती पुट्टी भरून करावा. मोटारीच्या रंगकामाच्या दुकानात मिळणारी पुट्टी चालते, पण तीत विद्रावक असतो. तो प्लॅस्टिक मऊ करतो, म्हणून पातळ थर द्यावा आणि दुसऱ्या थरापूर्वी रात्र जाऊ द्यावी.

धडाखालची वेगरोधक झडप किटमध्ये उघडी दाखवता येत असली तरी ती बंदच चिकटवावी. चाके खाली असताना हंटरची ही झडप बंद असते, आणि जाणकाराच्या नजरेला ही चूक लगेच दिसते.

जोडणी

जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो. भाग एकमेकांवर दाबून धरावेत आणि ब्रशने लावायचा पातळ गोंद सांध्याला टेकवावा. तो आपोआप आत ओढला जातो. धडाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वी नाकात वजन भरायला विसरू नये, अन्यथा तीन चाकांचे हे विमान शेपटीवर बसते. सायकल दुरुस्तीच्या दुकानातले छर्रे यासाठी फार सोयीचे; ते फेव्हिकॉलमध्ये कालवून नाकात बसवावेत आणि पंख टेपने तात्पुरते लावून तोल पाहावा. कॅनोपीही फेव्हिकॉलनेच चिकटवावी, कारण फेव्हिक्विकच्या वाफेने ती कायमची धुरकट होते. तिच्यावरचे ओरखडे आधी २००० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि नंतर सुती कापडावर पांढरी टूथपेस्ट घेऊन घासल्यास बऱ्याच अंशी जातात.

रंग आणि पुण्याची हवा

रंगकामाच्या पुस्तिका थंड देशांतल्या हवेसाठी लिहिलेल्या असतात, त्या पुण्यात जशाच्या तशा पाळता येत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत लॅकर किंवा स्प्रेच्या डब्यातला रंग मारल्यास त्यातले विद्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि रंगावर दुधाळ झाक येते. याउलट एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी ॲक्रिलिक रंग एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनातून) निघून विमानापर्यंत पोहोचण्याआधीच सुकू लागतो आणि पृष्ठभागावर खरखरीत भुकटी साचते. उन्हाळ्यात रंगकाम सकाळी आठच्या आत उरकावे आणि रंगात सुकणे लांबवणारे द्रव्य थेंबभर घालावे. पावसाळ्यात घासणे, खोदणे आणि जोडणे ही कामे करत बसावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ.

हंटर भारताला मिळाले ते ब्रिटिश धाटणीच्या रंगांत : वरून गडद हिरवा आणि गडद करडा, खालून रुपेरी. मॉडेलच्या रंगांच्या कंपन्यांपैकी टामियाच्या रंगांत हिरव्यासाठी एक्सएफ-८१ आणि करड्यासाठी एक्सएफ-५४. हंब्रोलमध्ये अनुक्रमे १६३ आणि १६४. हे रंग बाटलीतून निघतात तसे लावल्यास लहान विमानावर फार काळपट दिसतात. एक फुटावरून पाहिलेले १/७२ मापाचे विमान म्हणजे बहात्तर फुटांवर उभे असलेले खरे विमान, आणि तेवढ्या अंतरावर प्रत्येक रंग हवेमुळे थोडा फिकट होतो. म्हणून हिरव्यात आणि करड्यात दहा भागांमागे एक भाग फिकट करडा मिसळावा.

खालचा रुपेरी भाग हा उघडा धातू नसून रुपेरी रंग आहे, हे लक्षात ठेवल्यास बराच त्रास वाचतो. आरशासारखी चमक आणण्यासाठी लागणारे महागडे धातुरंग येथे नकोत. साधा ॲल्युमिनियम रंग योग्य दिसतो. रुपेरी थराखाली मात्र प्रत्येक ओरखडा उघडा पडतो, त्यामुळे आधी करड्या प्रायमरचा पातळ थर देऊन विमान खिडकीच्या उजेडात तिरके धरून तपासावे.

एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरची नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब ठेवावा, रंग दुधाइतका पातळ करावा आणि तोंडाला मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून काम करावे. पहिल्या विमानासाठी एअरब्रश घ्यायलाच हवा असे मी म्हणणार नाही. मऊ, चपट्या, कृत्रिम केसांच्या ब्रशने तीन-चार पातळ थर दिले तरी समाधानकारक काम होते. मात्र टामियाचे ॲक्रिलिक ब्रशने लावताना खालचा थर उचलतात. ब्रशवाल्यांनी व्हॅलेहोसारखे पाण्यावर आधारित रंग किंवा हंब्रोलचे इनॅमल वापरावेत. पहिला थर ठिगळा-ठिगळांचा दिसतो. तो पाहून दुसरा थर जाड देण्याचा मोह आवरावा.

क्रम असा ठेवावा : प्रथम खालचा रुपेरी, मग तो टेपने झाकून वरती सर्वत्र करडा आणि शेवटी हिरव्याचे पट्टे. पट्ट्यांची नक्षी छायाचित्रावरून पेन्सिलीने उतरवून घ्यावी. मास्किंग टेप लावण्यापूर्वी ती एकदा तळहातावर चिकटवून काढावी. तिचा जोर कमी होतो आणि काढताना खालचा रंग सोबत येत नाही. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, मागे दुमडून, सावकाश ओढावी.

चिन्हे

जुन्या खोक्यातली डेकले, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, पिवळी पडलेली असतात. ती पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवल्यास आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. पुण्याच्या उन्हाचा हा एक उपयोग आहे. नंतर त्यांवर चकचकीत वार्निशचा एक थर द्यावा, नाहीतर पाण्यात पडताच त्यांचे तुकडे होतात. पण आपल्या विमानाला ब्रिटिश चिन्हे नकोत. भारतीय चिन्हांची डेकले वेगळी मिळाली तर ठीक, अन्यथा वर्तुळे रंगवूनच काढावीत, आणि मला तोच मार्ग अधिक आवडतो.

काचेवर मास्किंग टेप चिकटवून, कंपासच्या पेन्सिलीच्या जागी कटरचे टोकदार पाते बांधून, टेपमध्ये एकाच मध्याभोवती तीन वर्तुळे कापावीत. कंपासचे टोक जेथे रोवायचे तेथे आधी टेपचाच जाड तुकडा लावावा, म्हणजे मध्य सरकत नाही. बाहेरच्या वर्तुळाबाहेरची टेप पंखावर लावून आतला संपूर्ण गोल पांढरा रंगवावा, कारण गडद हिरव्यावर केशरी थेट लावल्यास तो विटकरी दिसतो. पांढरा वाळल्यावर मधली कडी टेपने झाकावी, बाहेरच्या कडीत केशरी आणि आतल्या गोलात हिरवा भरावा. सर्व टेप काढल्यावर मध्ये पांढरी कडी स्वच्छ उरते. केशरी कधीही हिरव्याच्या जागी, म्हणजे आत, जाऊ देऊ नये. हा क्रम उलटा करून मी एकदा उजव्या पंखावर परदेशी चिन्हच तयार केले होते आणि ते घरातल्या शाळकरी मुलीने मला दाखवून दिले.

शेपटीवरचे तिरंगी पट्टे आणि क्रमांक छायाचित्रावरून घ्यावेत. क्रमांकासाठी सुट्या अक्षरांची डेकले वापरावीत. डेकल लावण्याआधी त्या जागी चकचकीत वार्निश अवश्य हवे. खरखरीत रंगावर लावलेल्या डेकलखाली हवा अडकते आणि उजेडात ती अभ्रकासारखी चमकते.

शेवटचे हात

खोदलेल्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून रेषांत सोडावा आणि अर्ध्या तासाने, वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, कापसाने पुसावा. वार्निश ॲक्रिलिकचे असेल तरच हे करावे. इनॅमलचे असल्यास टर्पेंटाइन ते उचलते. विमान चिखलात लोळल्यासारखे मळवण्याची हल्ली पद्धत आहे. मला ती पटत नाही, हवाई तळावरची माणसे आपली विमाने पुसतात. तोफांच्या तोंडांमागे धुराचा हलका काळपट पट्टा आणि चाकांना धूळ पुरेशी आहे. त्यानंतर वरच्या बाजूला मंद चमकीच्या वार्निशचा शेवटचा थर द्यावा.

रंगकामाआधी कॅनोपी झाकण्यासाठी लावलेली टेप या थरानंतरच काढावी. सर्वांत शेवटी पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजण्यासाठीची बारीक नळी, बसवावी. हंटरची ही नळी डाव्या पंखाच्या टोकाजवळ पुढे आलेली असते, आणि किटमधली प्लॅस्टिकची नळी खोक्यातच मोडलेली असते. औषधाच्या दुकानातून इन्सुलिनची नवी सुई आणून, तिचे टोक पकडीने सरळ तोडून, बारा मिलिमीटरचा तुकडा घ्यावा, पंखात ०.३ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि फेव्हिक्विकच्या टिंबावर ती बसवावी. भोक थोडे मोठे झाले तर नळी खाली झुकते. ती विमानाच्या अक्षाला समांतर आहे की नाही हे गोंद सुकण्याआधी वरून आणि बाजूने, असे दोनदा पाहून घ्यावे.